लिनक्सवर लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते? यंत्र न तापवता, न मंदावता ती लुकलुक कशी थांबवायची

लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकायला लागली की पहिला उपाय फार चटकन हाती लागतो: कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूटच्या ओळीत एखादा शब्द, म्हणजे पॅरामीटर, वाढवा आणि रीबूट करा. लुकलुक खरंच थांबते. पण मग पंखा सतत घुमत राहतो, तळ हाताला गरम लागतो, बॅटरी भराभर उतरते आणि व्हिडिओ अडखळायला लागतो. दोष गेला नाही, त्याची किंमत दुसऱ्या खात्यात पडली एवढंच.

असं होण्याचं कारण साधं आहे. आधुनिक लॅपटॉपच्या स्क्रीनची बरीचशी लुकलुक वीज वाचवणाऱ्या सोयींमधून येते. ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि पॅनल (स्क्रीनचा पडदा) यांचं एकमेकांशी नीट जमलं नाही की चित्र क्षणभर जातं किंवा प्रकाश कमीजास्त होतो. म्हणून इंटरनेटवरचा जवळजवळ प्रत्येक उपाय कुठली तरी बचत बंद करतो. ती बचत लहान असेल तर काही बिघडत नाही. मोठी असेल तर लॅपटॉपची भट्टी होते. त्यामुळे स्वस्त उपाय आधी, महाग उपाय शेवटी, आणि प्रत्येक पायरीनंतर मोजमाप, हा क्रम मी सोडत नाही.

एक सूचना आधीच देतो. इथे कमांड आणि पॅरामीटर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टाइप करायचे, आणि मोठं अक्षर असं मी सांगेन तेवढं सोडून बाकी सगळं लहान लिपीत.

आधी मोजून ठेवा

काहीही बदलण्याआधी यंत्राची आजची स्थिती कागदावर उतरवा. हे टाळलं तर उपायानंतर लॅपटॉप जास्त तापतोय की तसं वाटतंय, हे कधीच कळणार नाही.

चार्जर काढा, ब्राइटनेस ठरावीक ठेवा (५० टक्के म्हणा), सगळे प्रोग्राम बंद करा आणि पाच मिनिटं काही न करता थांबा. मग टर्मिनलमध्ये

सुडो पॉवरटॉप

चालवा. बॅटरीवर असताना तो वीज किती वॉटने खर्च होतेय ते दाखवतो. त्याच्याच 'आयडल स्टॅट्स' टॅबमध्ये इंटेल यंत्रावर 'पॅकेज' (म्हणजे प्रोसेसरची अख्खी चिप) या रकान्यात सी६, सी८, सी१० अशा पायऱ्या दिसतात. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेसरची झोप खोल. निवांत पडलेला लॅपटॉप किती टक्के वेळ कुठल्या पायरीवर असतो ते लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर पहिला सुगावा इथेच लागेल. तापमानासाठी 'सेन्सर्स' ही कमांड पुरेशी आहे. ती एलएम-सेन्सर्स या पॅकेजमधून मिळते.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. 'जीएलएक्सइन्फो -बी' (इथला बी मोठ्या लिपीत) चालवून रेंडररच्या ओळीत ग्राफिक्स चिपचं नाव आहे ना, याची खात्री करा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चित्र काढण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडलेलं आहे. मग तापणं आणि मंदावणं आजच सुरू आहे, आणि आधी तेच सुधारायला हवं.

लुकलुक नेमकी कुठे जन्मते?

या भागाला वेळ द्या. इथे अर्धा तास घालवला की पुढचे चार चुकीचे उपाय वाचतात.

सगळ्यात कामाची चाचणी स्क्रीन रेकॉर्डिंगची आहे. लुकलुक चालू असताना डेस्कटॉपच्या रेकॉर्डरने स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तो व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावर पाहा. लुकलुक व्हिडिओत उतरली असेल तर ती चित्र तयार होतानाच आलेली आहे, म्हणजे प्रोग्राम, कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जोडून एक चित्र बनवणारा भाग) किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा रेंडरिंगचा भाग. व्हिडिओ स्वच्छ असेल तर चित्र बरोबर तयार होतंय आणि स्क्रीनपर्यंत पोचताना बिघडतंय. मग संशय ड्रायव्हरच्या डिस्प्लेच्या भागावर, केबलवर, पॅनलवर किंवा बॅकलाइटवर (पडद्यामागच्या दिव्यावर).

दुसरी चाचणी बायोसची. यंत्र सुरू करून बायोसच्या सेटिंगमध्ये जा आणि काही मिनिटं तिथेच थांबा. तिथेही लुकलुकत असेल तर लिनक्सचा काही संबंध नाही. झाकण हळूहळू मागेपुढे करा. ठरावीक कोनात चित्र फडफडत असेल तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल झिजली किंवा सैल झाली आहे. त्यावर कुठलाही पॅरामीटर लागू पडत नाही, केबलच बदलावी लागते.

तिसरी चाचणी फोनच्या कॅमेऱ्याची. ब्राइटनेस अगदी कमी करून कॅमेऱ्यातून स्क्रीन पाहा, मग ब्राइटनेस पूर्ण करून पुन्हा पाहा. कमी प्रकाशात आडवे पट्टे सरकताना दिसले आणि पूर्ण प्रकाशात ते गेले, तर पॅनल बॅकलाइट भराभर चालूबंद करून प्रकाश कमी करतंय. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. त्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येतो.

यानंतर लक्षणांकडे बारकाईने बघा. स्क्रीन स्थिर असताना लुकलुक होते आणि माउस हलवला की थांबते, किंवा टाइप करताना कर्सर मागे राहतो, अक्षरं उशिरा उमटतात: हे पॅनल सेल्फ रिफ्रेशचं ठळक लक्षण (ही सोय पुढे समजावली आहे). फक्त बॅटरीवर होते आणि चार्जर लावला की जाते: पॉवर प्रोफाइलकडे पाहा. फक्त ब्राउझरमध्ये किंवा एकाच प्रोग्राममध्ये होते: कर्नलला हात लावू नका. बाहेरच्या मॉनिटरवरही तशीच होते: लॅपटॉपचं पॅनल निर्दोष आहे.

शेवटी कर्नलचा लॉग पाहा. लुकलुक झाल्याबरोबर

जर्नलसीटीएल -के -बी

चालवा आणि 'फिफो अंडररन' किंवा 'फ्लिप डन टाइम्ड आउट' असे शब्द शोधा. पहिल्याचा अर्थ असा की डिस्प्लेच्या भागाला मेमरीतून चित्राचा डेटा वेळेत मिळाला नाही. अशा वेळी स्क्रीन क्षणभर काळी किंवा तुटक दिसते. सोबत 'एलएसपीसीआय -के' चालवून ग्राफिक्स चिपखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे तेही पाहा. इंटेलवर तो आय९१५ किंवा नव्या चिपवर एक्सई असतो, एएमडीवर एएमडीजीपीयू. पुढच्या पॅरामीटरच्या आधी हेच नाव लागतं.

ज्यांची काहीच किंमत नाही असे उपाय

पहिला उपाय नवीन कर्नल. डिस्प्लेच्या दुरुस्त्या कर्नलमध्येच येत असतात, आणि तुमच्या लॅपटॉपचं पॅनल ज्या आवृत्तीत बिघडलं त्याच्या पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालेलं असण्याची शक्यता बरीच असते. उलटंही खरं: अपडेटनंतर लुकलुक सुरू झाली असेल तर बूट मेन्यूतून आधीचा कर्नल निवडा. तिथे सगळं ठीक असेल तर दोष कुठे आहे हे निश्चित झालं. सोबत लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अद्ययावत करा, कारण इंटेल आणि एएमडी दोघांच्याही डिस्प्लेचा वीजकारभार सांभाळणारं फर्मवेअर त्यातून येतं. बायोससाठी 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स' चालवून पाहा. अनेक लॅपटॉपचं फर्मवेअर लिनक्समधूनच अद्ययावत करता येतं.

जुन्या एक्स११ सत्रात असाल (एक्स११ ही खिडक्या स्क्रीनवर दाखवण्याची जुनी पद्धत, वेलँड ही नवी) आणि इंटेलची चिप असेल तर 'एक्सएफ८६-व्हिडिओ-इंटेल' हा जुना ड्रायव्हर बसलेला आहे का ते पाहा. डेबियन आणि उबंटूमध्ये त्याचं पॅकेज 'एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-व्हिडिओ-इंटेल' या नावाने आहे. तो काढला की एक्स सर्व्हर आपोआप मोडसेटिंग हा ड्रायव्हर वापरतो, आणि आजच्या चिपसाठी तोच योग्य.

रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नवं करते तो आकडा) बदलून पाहा: १२० किंवा १४४ हर्ट्झवर लुकलुकणारं पॅनल ६० वर शांत होऊ शकतं, आणि यात उलट वीजच वाचते. व्हेरिएबल रिफ्रेश रेट (चित्राप्रमाणे आपोआप बदलणारा रेट) चालू असेल तर बंद करा. खेळांमध्ये किंवा मेन्यूवर प्रकाश हलका धडधडतो तेव्हा कारण बहुधा हेच असतं. केडीई या डेस्कटॉपमध्ये ही सेटिंग डिस्प्लेच्या पानावर मिळते.

इंटेल: एका वेळी एकच गोष्ट बंद करा

पॅनल सेल्फ रिफ्रेश, थोडक्यात पीएसआर, ही सोय काय करते ते आधी समजून घ्या. स्क्रीनवरचं चित्र बदलत नसेल तर पॅनल शेवटची चौकट (फ्रेम) स्वतःच्या मेमरीत ठेवतं आणि तीच दाखवत राहतं. तेवढा वेळ ग्राफिक्स चिपला काही पाठवावं लागत नाही. चित्र बदललं की दोघांनी पुन्हा एका तालावर यायचं असतं. हे येणं चुकलं की लुकलुक होते. पीएसआर२ त्याच्या पुढचं: स्क्रीनचा बदललेला तुकडाच पाठवायचा. बिघडण्याच्या जागा अर्थातच वाढतात.

म्हणून पीएसआर थेट बंद करू नका, आधी फक्त दुसरी पायरी उतरवा:

आय९१५.एनेबल_पीएसआर=१

यात पहिला पीएसआर चालू राहतो आणि पीएसआर२ थांबतो. बऱ्याच यंत्रांचं काम एवढ्यावर होतं आणि बचतीचा मोठा भाग टिकतो. लुकलुक राहिलीच तर १ च्या जागी ० लिहा. पीएसआर पूर्ण बंद झाल्यावर निवांत यंत्राचा वीजखर्च थोडा वाढतो, पण कामाचा वेग तसाच राहतो. एक्सई ड्रायव्हर असेल तर आय९१५ च्या जागी एक्सई लिहायचं, बाकी तेच.

हे कायमचं लिहिण्याआधी एका बूटपुरतं वापरून पाहा. ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडायच्या) मेन्यूवर ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून पॅरामीटर टाइप करा आणि एफ१० दाबा. पुढच्या रीबूटला हा बदल आपोआप पुसला जातो, त्यामुळे इथे चुकण्याची भीती नाही. बूट झाल्यावर लॉगमध्ये 'डेंजरस ऑप्शन' असा इशारा दिसला तर घाबरू नका. चाचणीसाठी ठेवलेलं पॅरामीटर तुम्ही वापरलं आहे, एवढीच ती नोंद असते.

पीएसआर बंद करूनही फरक पडला नाही तर ते पॅरामीटर काढून टाका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण 'असू दे, नुकसान काय' म्हणून ठेवलेल्या अशा पाचसहा शब्दांनीच यंत्र हळूहळू गरम होत जातं. मग लॉगमध्ये फिफो अंडररन असेल तर 'आय९१५.एनेबल_एफबीसी=०' पाहा. एफबीसी म्हणजे स्क्रीनच्या चित्राचा डेटा दाबून ठेवण्याची सोय. त्यामुळे मेमरीतून कमी वाचावं लागतं. ती बंद करण्याची किंमतही लहानच.

पुढचा 'आय९१५.एनेबल_डीसी=०' मात्र वेगळ्या जातीचा आहे. डीसी म्हणजे डिस्प्लेच्या भागाच्या झोपेच्या पायऱ्या. त्या बंद झाल्या की अख्खं पॅकेज सी८, सी१० अशा खोल पायऱ्यांवर जाऊ शकत नाही. लॅपटॉप नुसता पडलेला असला तरी कोमट राहतो. इथे यावंच लागलं तर आधी ० ऐवजी १ वापरा. त्यात सगळ्यात खोल पायरी तेवढी बंद होते, आधीची चालू राहते. आणि पॉवरटॉपमधले पॅकेजचे टक्के आधीच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय हा बदल कायम करू नका.

एएमडी

इथे पीएसआर, त्याचा तुकड्यातुकड्याने पाठवणारा प्रकार पीएसआर-एसयू आणि नव्या पॅनलवरचा पॅनल रिप्ले, असे तीन संशयित आहेत. तिघांसाठी एकाच पॅरामीटरची वेगवेगळी मूल्यं आहेत. 'एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क' या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि मग ०एक्स२०० लिहिलं की फक्त पीएसआर-एसयू बंद होतो. ०एक्स१० लिहिलं की पीएसआरचे दोन्ही प्रकार जातात. ०एक्स४०० पॅनल रिप्लेसाठी आहे. सुरुवात ०एक्स२०० पासून करा.

मेमरीवर ताण आला की स्क्रीन लुकलुकते किंवा पांढरी पडते, उदाहरणार्थ बरेच टॅब उघडल्यावर किंवा बाहेरचा मोठा मॉनिटर जोडल्यावर, तर 'एएमडीजीपीयू.एसजी_डिस्प्ले=०' हा नेमका उपाय आहे. यात स्क्रीनचं चित्र साध्या मेमरीत विखरून न ठेवता ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेल्या भागातच ठेवलं जातं. तापमानाला याचा काही त्रास नाही. फक्त बायोसमध्ये तो राखीव भाग फारच लहान ठेवलेला नसावा.

बॅटरीवर असताना प्रकाश आणि रंग हळूच बदलत असतील, पांढरं पान उघडताच स्क्रीन श्वास घेतल्यासारखी उजळत-मंदावत असेल, तर तो दोष नसून पॅनलचा प्रकाश चित्राप्रमाणे कमी करणारी बचत आहे. पॉवर प्रोफाइल्स डीमन (पॉवर प्रोफाइल सांभाळणारा प्रोग्राम) आवृत्ती ०.२० पासून ही सोय स्वतः चालू करतो. प्रोफाइल 'बॅलन्स्ड' किंवा 'परफॉर्मन्स' केल्यावर फरक पडतो का ते आधी पाहा. आवडत नसेल तर 'एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=०' लिहून ती कायमची थांबवता येते.

एनव्हिडिया आणि दोन ग्राफिक्स चिपचे लॅपटॉप

वेलँडवर एनव्हिडियाच्या चिपसोबत खिडक्या लुकलुकणं, जुनीच चौकट पुन्हा चमकून जाणं, हा बराच काळ छळणारा दोष होता. मूळ अडचण चित्र तयार झालं की नाही हे एकमेकांना कळवण्याच्या पद्धतीत होती. २०२४ मध्ये एक्सप्लिसिट सिंक ही पद्धत आली आणि तो प्रश्न मुळापासून सुटला. त्यासाठी साखळीतले सगळे दुवे नवे हवेत: एनव्हिडियाचा ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचा, एक्सवेलँड (एक्स११ चे प्रोग्राम वेलँडवर चालवणारा दुवा) २४.१ आणि डेस्कटॉपमध्ये केडीईचा प्लाझ्मा ६.१ किंवा तेवढाच नवा ग्नोम. यातला एक जरी जुना असला तरी लुकलुक राहते. म्हणून सेटिंग शोधत बसण्याआधी आवृत्त्या तपासा.

दोन चिपच्या लॅपटॉपवर 'सगळं एनव्हिडियावर चालवा' असा सल्ला मिळतो. लुकलुक त्याने थांबूही शकते, पण मोठी चिप मग कायम जागी राहते आणि लॅपटॉप कधीच थंड होत नाही. उबंटूमध्ये 'प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' ठेवा. मोठी चिप खरंच झोपते का हे पाहायचं असेल तर तिच्या पीसीआय पत्त्याखालच्या 'पॉवर' फोल्डरमधली 'रनटाइम_स्टेटस' ही फाइल वाचा. तिथे 'सस्पेंडेड' दिसलं पाहिजे. वारंवार 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवून पाहू नका, त्यानेच ती जागी होते.

एकाच प्रोग्राममध्ये होत असेल तर

ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करणं हा सोपा सल्ला आहे आणि मला तो मान्य नाही. त्याने पान रंगवण्याचं काम आणि व्हिडिओ उलगडण्याचं काम, दोन्ही प्रोसेसरच्या गळ्यात पडतात, आणि तासभर व्हिडिओ पाहिला की पंखा बोलायला लागतो. वेलँडच्या सत्रात क्रोमियमवर आधारलेले प्रोग्राम एक्सवेलँडमधून चालत असतील तर त्यांना थेट वेलँडवर चालवा: सुरू करताना 'ओझोन-प्लॅटफॉर्म=वेलँड' हा पर्याय आधी दोन आडव्या रेघा देऊन जोडा. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:सपोर्ट' उघडून कंपोझिटिंगसमोर काय लिहिलंय ते पाहा. वेबरेंडरच्या पुढे 'सॉफ्टवेअर' असा शब्द असेल तर ग्राफिक्स चिप वापरलीच जात नाहीये.

कमी ब्राइटनेसवरची लुकलुक

कॅमेऱ्याच्या चाचणीत पट्टे दिसले असतील तर पॅनलची पद्धत बदलता येत नाही, पण तिला टाळता येतं. ज्या पातळीवर पट्टे जातात त्या पातळीच्या वर ब्राइटनेस ठेवा आणि बाकीचा अंधार सॉफ्टवेअरने आणा. एक्स११ मध्ये 'एक्सरँडआर' ला पॅनलचं नाव देऊन 'ब्राइटनेस ०.७' असा पर्याय (इथेही आधी दोन आडव्या रेघा) देता येतो. तो बॅकलाइटला न शिवता फक्त चित्र गडद करतो. स्वे आणि त्या कुळातल्या वेलँड कंपोझिटरवर गॅमास्टेप हेच काम करतो. बॅकलाइट वर राहिल्यामुळे वीज थोडी जास्त जाते आणि काळा रंग जरा फिका दिसतो, पण डोळ्यांना आणि डोक्याला जो आराम मिळतो त्यापुढे हे काहीच नाही. ओलेड पॅनलवर कमी प्रकाशात ही धडधड विशेष जाणवते. तिथे वीजखर्च चित्रावर अवलंबून असल्यामुळे गडद थीम वापरली की दोन्ही बाजूंनी फायदा होतो.

हे चार उपाय टाळा

'नोमोडसेट' हे सगळ्यात वाईट. ते ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरच चालू होऊ देत नाही, आणि मग तोच एलएलव्हीएमपाइप येऊन बसतो. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडत असेल तर तात्पुरतं वापरण्याची ती गोष्ट आहे, रोजच्या वापराची नव्हे. 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' प्रोसेसरला झोपूच देत नाही. एएमडीवर परफॉर्मन्स लेव्हल 'हाय' वर अडकवून ठेवली की चिप आणि मेमरी काही काम नसतानाही वरच्या वेगाने धावतात. प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारा भाग) कायम 'परफॉर्मन्स' वर ठेवणं हे चौथं. यातल्या शेवटच्या तीन उपायांपैकी एखाद्याने लुकलुक थांबली तर तेवढी माहिती मात्र उपयोगी आहे: दोष झोपेच्या पायऱ्यांशी किंवा वेग बदलण्याशी निगडित आहे हे कळलं. ती माहिती घ्या, पॅरामीटर काढा आणि वरच्या लहान उपायांकडे परत या.

कायम करणं आणि पुन्हा तपासणं

एका बूटपुरता केलेला प्रयोग यशस्वी झाला तर एक दिवस नेहमीचं काम करून पाहा. सस्पेंड करून परत उठवणं, बाहेरचा मॉनिटर, चार्जर काढणं-लावणं, सगळं त्यात यावं. मग उबंटू आणि डेबियनवर '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' ही फाइल संपादकात उघडा, 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' या ओळीतल्या अवतरण चिन्हांच्या आत पॅरामीटर जोडा (या ओळीचं नाव मोठ्या लिपीत असतं, ते तसंच राहू द्या) आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. आर्चवर ग्रब असेल तर 'ग्रब-एमकेकॉन्फिग' ने फाइल पुन्हा तयार करावी लागते. फेडोरावर 'ग्रबी' ही कमांड फाइलला हात न लावता सगळ्या कर्नलना पॅरामीटर जोडते, त्यामुळे तिथे तीच वापरा.

रीबूटनंतर '/प्रॉक/सीएमडीलाइन' वाचून शब्द खरंच पोचला का ते पाहा. इंटेलवर 'आय९१५' मॉड्यूलच्या पॅरामीटर्स फोल्डरमधली 'एनेबल_पीएसआर' फाइल सुडोने वाचली की चालू मूल्य दिसतं. मग सुरुवातीचं मोजमाप जसंच्या तसं पुन्हा करा: तोच ब्राइटनेस, तीच पाच मिनिटं. वॉट किंचित वाढले असतील तर ठीक आहे. पॅकेजच्या खोल पायऱ्या शून्यावर आल्या असतील किंवा निवांत तापमान ठळक वाढलं असेल तर तो उपाय तुमच्या यंत्रासाठी चुकीचा आहे, लुकलुक थांबली असली तरी.

फाइलमध्ये पॅरामीटरच्या वरच्या ओळीत हॅशचं चिन्ह देऊन तारीख आणि कारण लिहून ठेवा. कर्नलची मोठी आवृत्ती आली की एकदा ग्रबच्या मेन्यूतून तो शब्द पुसून बूट करा. दुरुस्ती आलेली असेल तर पॅरामीटर कायमचा काढून टाकता येईल आणि बंद केलेली बचत परत मिळेल.

कुठलाच लहान उपाय लागू पडला नाही तर दोष नोंदवा. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही कर्नल ड्रायव्हरच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर (दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) घेतल्या जातात. 'डीआरएम.डीबग=०एक्सई' आणि 'लॉग_बफ_लेन=४एम' हे दोन शब्द जोडून बूट करा (४ च्या पुढचा एम मोठ्या लिपीत), लुकलुक होऊ द्या आणि पूर्ण कर्नल लॉग जोडा. सोबत लॅपटॉपचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती, कुठल्या आवृत्तीपर्यंत ठीक होतं आणि कुठल्या पॅरामीटरने फरक पडतो हे लिहा. रेकॉर्डिंगमध्ये लुकलुक उतरते की नाही हेही सांगा, त्याने दुरुस्त करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. लॉग घेऊन झाला की हे दोन्ही शब्द लगेच काढा. डीबगचा लॉग सतत लिहिला जात असतो आणि तेवढ्यानेही यंत्र जड होतं.